पंचगंगेला पुरापुरते मोजू नका

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
द्वारा : मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
अर्जदार : करवीर, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील पंचगंगाकाठचे नागरिक

विषय : पंचगंगेचे प्रदूषण रोखण्यासाठी राज्याच्या पाणीविषयक कायद्यांत दुरुस्ती करण्याबाबत व असलेल्या तरतुदी अमलात आणण्याबाबत.

महोदय,

जुलै उजाडला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर आधी विचारतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?" उत्तर फूट-इंचात मिळते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये हाच आकडा ५५ फुटांच्या वर गेला. त्या दिवसांत जनावरे कधी हलवायची आणि घर कधी सोडायचे, हे लोकांनी त्यावरूनच ठरवले. सरकारी आकड्यावर लोकांचा इतका विश्वास असल्याची उदाहरणे राज्यात फार नसतील.

पावसाळा सरला की हा आकडा संपतो. नोव्हेंबर ते मे या काळात त्याच बंधाऱ्याच्या पाण्यात प्राणवायू किती राहिला, हे कसबा बावड्यातल्या किंवा तेरवाडच्या माणसाला त्याच दिवशी कळण्याची सोय नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेते, तपासते, अहवाल संकेतस्थळावरही ठेवते. पण गावाला नदीची खबर अहवालातून मिळत नाही. पाण्यावर मेलेले मासे तरंगू लागले की मिळते. मग पंचनामा होतो, कॅनमधून पाणी प्रयोगशाळेत जाते आणि नोटिसा निघतात. तोवर ते पाणी शिरोळ ओलांडून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळलेले असते.

हे दरवर्षी ठरल्या वेळी का होते, याचे उत्तर नदीच्या बांधणीत आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात, पाचवी सरस्वती श्रद्धेने मोजली जाते. तिथून खाली राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे बंधारे आहेत. सगळे कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे ज्यांच्यामुळे या जिल्ह्याचे नाव राज्यभरच्या पाटबंधाऱ्यांच्या कागदांवर गेले तेच. दगडी खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मधल्या फटीत माती ठासायची आणि पाणी अडवायचे. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पाऊस सरला की पुन्हा घालायचे. उसाला पाणी मिळते ते या युक्तीमुळे, आणि तिच्याबद्दल निवेदनकर्त्यांची काडीची तक्रार नाही.

मात्र बरगे बसतात त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. शहरांचे सांडपाणी बारमाही असतेच, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे पाणीही असते. वाहत्या नदीत जे पातळ झाले असते ते डोहात साचते. त्यावर केंदाळ पसरते, सूर्यप्रकाश अडतो, प्राणवायू घटतो. बरगे घालण्याची तारीख जलसंपदा विभाग ठरवतो, सांडपाण्याची संमती प्रदूषण मंडळ देते, गाळप परवाना साखर आयुक्तालय देते. या तीन कार्यालयांनी नदीसाठी एकत्र बसून तारखा जुळवाव्यात, असे कोणत्याही कायद्याने त्यांना बांधलेले नाही.

कायद्यांच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. उलट पुढे होता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा, तर राज्याचा १९६९ चा. त्याच कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण मंडळ स्थापन झाले आणि १९८१ मध्ये राज्याने केंद्राचा कायदा स्वीकारला. पुढे २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम आला. पाण्याचे वाटप आणि ठोक पाणीपट्टी ठरवणारे असे स्वतंत्र प्राधिकरण करण्यात हे राज्य देशात आघाडीवर होते. त्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये, जो पाणी घाण करील त्याने त्याचे पैसे मोजावेत, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे. या निवेदनाचा सगळा जोर त्या एका कलमावर आहे.

कारण आज पाणी देणारा कायदा आणि घाण पाणी तपासणारा कायदा एकमेकांशी बोलत नाहीत. महापालिकेने किंवा कारखान्याने धरणातून, नदीतून किती पाणी उचलले याची नोंद जलसंपदा विभागाकडे असते. त्यातले किती, कोणत्या अवस्थेत परत नदीत आले, याची नोंद मंडळाकडे असते. दोन्ही नोंदी एका कागदावर आल्या तर फरक शाळेतल्या वजाबाकीने निघेल. प्राधिकरणाने तो कागद दरवर्षी तयार करावा, त्यानुसार पाणीपट्टी कमी-जास्त करावी आणि पंचगंगेवरच्या कोणत्या ग्राहकाला त्यापोटी किती रुपये जादा किंवा कमी पडले याचा तक्ता जाहीर करावा, ही पहिली मागणी आहे. त्यासाठी अधिनियमात दुरुस्ती लागत असेल तर ती करावी.

अशी व्यवस्था देशाला नवी नाही. १९७७ च्या कायद्याने उद्योगांकडून आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडून वापरलेल्या पाण्यावर उपकर घेतला जाई आणि शुद्धीकरणाची यंत्रणा उभारणाऱ्याला त्यात २५ टक्के सवलत मिळे. दर इतके किरकोळ होते की त्यांची धास्ती कोणी घेतली नाही, ही गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकरही गेला. त्याची जागा भरणारी तरतूद राज्याने आपल्या पाणीपट्टीत करावी आणि पंचगंगा खोऱ्यातून जमा होणारी रक्कम पंचगंगा खोऱ्यातच खर्च व्हावी.

येथे कोल्हापूर शहराबद्दल थोडे कटू लिहिणे भाग आहे. शहराने दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली. ५० किलोमीटरहून लांब या योजनेचे काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी शहरात पोहोचले. अनेक वर्षांची मागणी पूर्ण झाली, आनंद झाला, तो रास्तच होता. पण हिशेब असा झाला की दूधगंगेचे पाणी शहर पिते आणि तेच सांडपाणी होऊन पंचगंगेच्या खोऱ्यात उतरते. कसबा बावड्याला दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळीला १ कोटी ७० लाख लिटर क्षमतेची केंद्रे आहेत, हे मान्य. तरी जयंती नाल्यावरचे पंप थांबले की मैला कुठे जातो, हे नाल्याशेजारी राहणाऱ्याला विचारावे लागत नाही.

इचलकरंजीचीही धडपड तीच. २०१२ च्या उन्हाळ्यात त्या शहराने काविळीची साथ पाहिली, माणसे गेली. शुद्ध पाण्यासाठी त्यांनी वारणेकडे पाहिले तर दानोळीकर आडवे आले, दूधगंगेवर सुळकूडला योजना ठरली तर कागल तालुका पेटला. विरोध करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, शेजारची नदी बिघडल्यावर आपली सांभाळण्याची भीती कोणालाही वाटेल. पण दारात नदी असताना दोन महापालिका दुसऱ्या खोऱ्याकडे हात पसरतात, आणि ज्याच्या नळाला नदीचे पाणी येत नाही त्याला नदीची निकडही उरत नाही. मागे राहतात ती खालच्या अंगाची गावे. त्यांच्या ग्रामपंचायतींकडे ना धरणापर्यंत जाणारी पाइपलाइन, ना तिच्यासाठी पैसा.

म्हणून दुसरी मागणी अशी : एखाद्या शहराला दुसऱ्या खोऱ्यातून पाणी मंजूर करताना, त्यातून तयार होणाऱ्या सांडपाण्याच्या पूर्ण शुद्धीकरणाची अट त्याच मंजुरीत घालावी. अट पाळली नाही तर वाढीव कोटा थांबवावा. तोवर खालच्या गावांच्या शुद्ध पाण्याचा खर्च वरच्या मोठ्या ग्राहकांच्या जादा पाणीपट्टीतून भागवावा. ही गावे सरकारकडे टँकर मागत नाहीत, वर ज्याने घाण केली त्याच्या खात्यातून आपल्या पाण्याचे पैसे मागतात.

शिक्षेबाबतही बोलायला हवे. १९७४ च्या कायद्यात नदीत घाण सोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद होती. २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. तुरुंगाची भीती कागदावरच होती, असे दुरुस्तीचे समर्थक म्हणतील आणि त्यांचे चुकत नाही. पण १० हजार रुपयांची भीती तर कागदावरही दिसत नाही, मोठ्या कारखान्याच्या एका पाळीच्या चहापाण्याचा तो खर्च. दंड किमान पातळीवर न ठेवता सोडलेल्या सांडपाण्याच्या प्रमाणात आकारावा, वारंवार चुकणाऱ्याची संमती रद्द करावी, आणि सुनावणी कोल्हापुरात व्हावी. प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये जनहित याचिका घेऊन इथल्या लोकांना मुंबई गाठावी लागली होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच याच शहरात बसते, तेव्हा मंडळाच्या सुनावण्या दूर ठेवण्याला आता सबब नाही.

नदीकाठापासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा, हे सांगणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० मध्ये आणले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केले. पूररेषा राहिल्या, पण त्या पुराचे पाणी कुठवर येते ते सांगतात, सांडपाण्याची टाकी कुठे असावी ते सांगत नाहीत. ती पोकळी साध्या परिपत्रकाने भरू नये. विधिमंडळात कायदा करून भरावी.

राहिला राजाराम बंधारा. तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आणि या निवेदनकर्त्यांच्या मते सगळ्यात परिणामकारक आहे. सहाही बंधाऱ्यांवर ऑक्टोबर ते मे रोज पाण्यातला प्राणवायू मोजावा आणि पूरपातळी ज्या मार्गाने जाहीर होते त्याच मार्गाने तो जाहीर व्हावा. स्नानयोग्य पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा देशातला निकष आहे. त्याला इशारापातळी माना, त्याखाली धोकापातळी ठरवा. ती ओलांडली की राधानगरीतून पाणी सोडणे, बरगे उचलणे आणि वरच्या उद्योगांचे सांडपाणी रोखणे ही कामे कोणाच्या विनंतीची वाट न पाहता त्याच दिवशी सुरू व्हावीत, असा जलसंपदा विभाग आणि प्रदूषण मंडळ यांचा संयुक्त आदेश काढावा. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केले ते रयतेच्या पाण्यासाठी. मासे मेल्यावर त्यातून उपकार म्हणून पाणी सुटावे, हे त्या कामाला शोभत नाही.

लोक काहीच करत नाहीत, असेही कोणी म्हणू नये. गणपती नदीत न सोडता इराणी खणीवर नेण्याची सवय या शहराने लावून घेतली आहे, आणि तालमी-मंडळांच्या गावात ती लावणे सोपे नव्हते.

तरी यंदाचे बरगे बसण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात जलसंपदा, प्रदूषण मंडळ, साखर सहसंचालक, दोन्ही महापालिका आणि शिरोळच्या ग्रामपंचायती यांची एकत्र बैठक बोलवावी आणि तिचे इतिवृत्त जाहीर करावे. २००५ च्या अधिनियमातील दुरुस्तीचा प्रस्ताव नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडावा. वरील प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही असे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
पंचगंगाकाठचे नागरिक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग
मा. मंत्री, जलसंपदा विभाग
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई
मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, उद्योग भवन, कोल्हापूर