एकदा उघडलेले इंजिन

'इंजिन उघडले की गाडी संपली', हे वाक्य आम्ही इतक्या तोंडांतून ऐकले आहे की त्याला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. ते उच्चारणाऱ्या बहुतेकांनी सिलिंडर हेडचा एक नटही कधी सैल केलेला नसतो. जुनी मोटरसायकल घेताना पहिला प्रश्न हाच: इंजिनाचे काम झाले आहे का? झाले असेल तर किंमत खाली. काम कोणी केले, काय बदलले, काय जुनेच ठेवले, हे कोणी विचारत नाही.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातले उत्पादन १९९६ साली थांबले. म्हणजे आज धावणारी जवळजवळ प्रत्येक जुनी येझदी केव्हा ना केव्हा उघडून पुन्हा बांधलेली असणार. या म्हणीप्रमाणे त्या सगळ्या 'संपलेल्या' गाड्या रविवारी पौडवरून मुळशीकडे जाताना दिसतात.

आमचीही एकदा संपली होती. माणगावहून परतताना ताम्हिणीच्या चढावर पिस्टन धरला, मागचे चाक फरफटले, आणि क्लच दाबून कशीबशी गाडी कडेला घेतली. इंजिन नुकतेच बांधलेले. बोअर नवा, पिस्टन नवा, रिंगा नव्या. बरोबरच्या मित्राने लगेच ती म्हण ऐकवली.

कारण मात्र निराळे होते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे नुसती पेटी नव्हे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी तिथे येते आणि खाली उतरणारा पिस्टन ते दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. सीलचे रबर कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, सिलिंडर तापतो, पिस्टन फुगतो आणि भिंतीला चिकटतो. मेकॅनिकने सील बदलायला सांगितले होते. 'चालतील की अजून' असे म्हणून ते पैसे वाचवणारे आम्हीच. त्यावर कडी म्हणजे नवा बोअर पहिले काही शे किलोमीटर सबुरीने चालवायचा असतो, आणि आम्ही पहिल्याच रविवारी त्याला घाट दाखवला. यात 'उघडण्या'चा दोष कुठे आला?

याच रस्त्याने खाली कोकणात उतरले की भिरा लागते. मुळशीच्या पाण्यावर तिथे १९२७ पासून वीज तयार होते. (त्या पाण्याखाली कोणाची गावे गेली आणि १९२१ साली सत्याग्रह का उभा राहिला, हा हिशेब अजून मिटलेला नाही, तो इथे उरकण्यासारखाही नाही.) अशी यंत्रे उघडून, तपासून, झिजलेले भाग बदलूनच चालवली जातात. तिथल्या दुरुस्तीला आपण देखभाल म्हणतो. मोटरसायकलच्या बाबतीतच ती बदनामी कशी ठरते?

साहित्यात रमणाऱ्यांना रॉबर्ट पिर्सिग यांचे १९७४ चे पुस्तक ठाऊक असते; 'झेन' हा शब्द तर विशेष ठाऊक असतो. त्यातला एक मित्र आपल्या महागड्या बीएमडब्ल्यूच्या सैल हँडलसाठी बिअरच्या डब्याची पट्टी कापून घालू देत नाही. पट्टी त्या कामाला अगदी योग्य, पण ती कारखान्यातून आलेली नसते. आमचे म्हणीवाले त्याचेच भाऊबंद. विश्वासार्हता कारखान्यात एकदाच ओतून सीलबंद केली जाते, अशी त्यांची श्रद्धा.

मात्र समोरच्या गोटातही आम्हाला जागा नको. टाकीला नवा रंग, सायलेन्सरला झळाळी आणि 'उस्तादाच्या हाताला कान आहेत' अशी भाविकता यांच्या जोरावर गाडी घाट चढत नाही. हाताला कान असतील, पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट मायक्रोमीटरनेच मोजावी लागते. जो उस्ताद मोजत नाही, लिहून ठेवत नाही आणि जुने भाग मालकाच्या हातात देत नाही, त्याच्यामुळेच ती म्हण जिवंत राहते. 'संध्याकाळपर्यंत द्या' असा तगादा लावणाऱ्या मालकांनाही यातून सोडता येणार नाही.

पुढे इंजिन पुन्हा उतरवले. सील, बेअरिंग, गॅस्केट सगळे नवे घातले आणि या खेपेस घाई केली नाही. कोणत्या मापाचा पिस्टन घातला, काय कधी बदलले, हे एका वहीत आहे. गाडी विकायची वेळ आलीच तर वहीसकट विकू, आणि 'इंजिन उघडलेले आहे' म्हणून एक रुपयाही कमी करणार नाही.