संत्र्याचं नवं वाण यायला इतका वेळ का लागतो? कारण दडलंय 'उड्या मारणाऱ्या' डीएनएत

विदर्भातल्या संत्रा बागांना डिंक्या रोगाने ग्रासलं की शेतकरी विचारतात, या रोगाला तोंड देणारं झाड का मिळत नाही? केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तर नागपुरातच आहे. मग अडतं कुठे?

एका बीतून अनेक रोपं

संत्र्याची एक बी पेरली, तर अनेकदा दोन-तीन रोपं उगवतात. त्यातलं फार तर एखादं परागीकरणातून आलेलं, म्हणजे संकरित असतं. बाकीची बीमधल्या आईच्या पेशींपासून तयार होतात. ती आईची हुबेहूब नक्कल असतात. वाढीच्या स्पर्धेत संकरित गर्भ बऱ्याचदा मागे पडतो. याला बहुभ्रूणता म्हणतात.

हे कशामुळे होतं?

२०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याचा माग काढला. बहुभ्रूणी जातींमध्ये एका जनुकाच्या अगदी अलीकडे डीएनएचा छोटा तुकडा घुसलेला आढळला. तो जिथे आहे, तिथे ते जनुक जास्त सक्रिय दिसतं.

असे तुकडे जागा बदलतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून ते ओळखले. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसाचाही जवळपास निम्मा डीएनए अशाच तुकड्यांपासून आलेला आहे. त्यातले बहुतेक आता हलत नाहीत.

फायदा आणि तोटा

नागपुरी संत्र्याची कलमं साधारणपणे जंबेरीच्या खुंटावर बांधतात. जंबेरीही बहुभ्रूणी आहे, म्हणून बियांपासून एकसारखे खुंट मिळतात. रोपवाटिकेसाठी ही सोयच. पण खुंट सारखे, तशी त्यांची दुर्बलताही सारखी. जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते.

दुसरीकडे, नवं वाण घडवायचं तर संकर हवा आणि संकरित रोपच नकलांच्या गर्दीत हरवतं. ते सापडलं, तरी फळ पाहायला काही वर्षं थांबावं लागतं.

पुढे काय?

आता डीएनए चाचणीने संकरित रोप लहानपणीच ओळखता येतं. एका बीत एकच गर्भ असलेली जात मादी म्हणून निवडली, तर नकलांची अडचणही टळते. झाडाला फळ यायला लागणारा काळ मात्र फारसा कमी होत नाही. त्यामुळे तोवर खुंटाची निवड, पाण्याचा निचरा आणि निरोगी कलमं हेच शेतकऱ्याच्या हातातले उपाय आहेत.