विश्लेषण : अंतिम सामना नेमका कोणाचा? ‘कोपा लिबर्टाडोरेस’ चाहत्यांपासून दूर का गेली?

कोपा लिबर्टाडोरेस ही दक्षिण अमेरिकेतील क्लब फुटबॉलची सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा. २०१८ मध्ये तिच्या अंतिम फेरीत एकाच शहरातले, ब्युनोस आयर्समधले दोन क्लब आमनेसामने आले. विजेता मात्र ठरला तो सुमारे १० हजार किलोमीटर दूर, स्पेनची राजधानी माद्रिद येथे. पुढच्याच वर्षापासून ही स्पर्धा तटस्थ मैदानावरील एकाच अंतिम सामन्याकडे वळली. या दोन्ही निर्णयांमागे सुरक्षा, नियोजन, उत्पन्न अशी कारणे दिली जातात. पण त्यांची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आजही कायम आहे.

रिव्हर-बोका लढत इतकी मोठी का?

रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स हे दोन्ही क्लब ब्युनोस आयर्सच्या ला बोका या बंदरालगतच्या वस्तीत जन्मले. रिव्हर पुढे शहराच्या उत्तरेकडील सुखवस्तू भागात गेला, बोका तिथेच राहिला. त्यांच्यातील सामन्याला ‘सुपरक्लासिको’ म्हणतात. १९६० पासून सुरू असलेल्या कोपा लिबर्टाडोरेसच्या अंतिम फेरीत हे दोघे त्यापूर्वी कधीच भेटले नव्हते.

तेव्हा अंतिम फेरी दोन सामन्यांची असे. एक सामना एका क्लबच्या मैदानावर, दुसरा दुसऱ्याच्या. बोकाच्या ‘ला बोंबोनेरा’वरील पहिला सामना मुसळधार पावसामुळे एक दिवस पुढे ढकलला गेला आणि ११ नोव्हेंबर २०१८ रोजी २-२ असा बरोबरीत सुटला. दुसरा सामना २४ नोव्हेंबरला रिव्हरच्या ‘मोन्युमेंटल’ स्टेडियममध्ये ठरला होता.

२४ नोव्हेंबरला काय घडले?

बोकाच्या खेळाडूंची बस स्टेडियमपासून थोड्या अंतरावर असताना रिव्हरच्या समर्थकांच्या जमावाने तिच्यावर दगड-बाटल्यांचा मारा केला. काचा फुटल्या. पोलिसांनी जमाव पांगवण्यासाठी सोडलेल्या वायूचा त्रास बसमधील खेळाडूंनाही झाला. बोकाचा कर्णधार पाब्लो पेरेझ याला डोळ्याच्या दुखापतीमुळे रुग्णालयात न्यावे लागले. स्टेडियममध्ये हजारो प्रेक्षक तासन् तास बसून होते. सामन्याची वेळ पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. अखेर तो दुसऱ्या दिवसावर गेला आणि त्या दिवशीही झाला नाही.

यात अपयश कोणाचे? खेळाडूंची बस विरोधी समर्थकांच्या गर्दीतून, पुरेशा बंदोबस्ताविना गेली, हे उघड होते. शहराच्या सुरक्षामंत्र्यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. आदल्याच दिवशी रिव्हरच्या ‘बार्रा ब्राव्हा’ टोळीच्या म्होरक्याच्या घरावर छापा पडला होता आणि तिथे सामन्याची शेकडो तिकिटे व मोठी रोकड सापडली होती. ‘बार्रा ब्राव्हा’ म्हणजे क्लबच्या नावावर जगणाऱ्या, तिकिटांच्या काळ्या बाजारात हात असलेल्या संघटित टोळ्या. त्यांचे क्लबच्या पदाधिकाऱ्यांशी आणि राजकारण्यांशी असलेले लागेबांधे अर्जेंटिनात कोणापासूनही लपलेले नाहीत. म्हणजे रोग जुना होता आणि त्याचे निदानही झालेले होते.

मग सामना माद्रिदला का?

विजेतेपद आपल्यालाच द्यावे, अशी मागणी बोकाने केली. तिला आधार होता. २०१५ मध्ये ला बोंबोनेरावर रिव्हरच्या खेळाडूंवर मिरपूडयुक्त वायू फवारला गेला, तेव्हा बोकालाच स्पर्धेबाहेर काढण्यात आले होते. दक्षिण अमेरिकन फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘कॉन्मेबॉल’ने, ही मागणी फेटाळली. रिव्हरला दंड आणि दोन सामने प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा झाली. अंतिम सामना ९ डिसेंबरला रेआल माद्रिदच्या सांतियागो बर्नाबेउ स्टेडियमवर हलवला गेला. घरचे मैदान गेले म्हणून रिव्हरनेही या निर्णयाला विरोध केला.

यातली विसंगती अर्जेंटिनात अनेकांना बोचली. या चषकाचे नाव सिमोन बोलिव्हार, होसे दे सान मार्टिन यांच्यासारख्या, दक्षिण अमेरिकेला स्पॅनिश सत्तेपासून मुक्त करणाऱ्या नेत्यांच्या सन्मानार्थ आहे. मुक्तिदात्यांचा चषक त्याच सत्तेच्या राजधानीत दिला जाणार होता. आणखी एक विसंगती कमी चर्चिली गेली. बसवरील हल्ल्यानंतर आठवडाभरातच ब्युनोस आयर्समध्ये जी-२० देशांच्या प्रमुखांची परिषद भरली आणि तिथल्या बंदोबस्ताला कसलीच उणीव पडली नाही. जगभरच्या राष्ट्रप्रमुखांना सुरक्षित ठेवू शकणारे शहर फुटबॉलपटूंच्या एका बसला सुरक्षित ठेवू शकत नव्हते, हे पटण्यासारखे नाही. प्रश्न क्षमतेचा नव्हता, इच्छाशक्तीचा होता.

माद्रिदमध्ये काय दिसले?

सामना उत्तम झाला. बेनेदेत्तोच्या गोलने बोकाने आघाडी घेतली, प्रातोने बरोबरी साधली. जादा वेळेत क्विन्तेरोने डाव्या पायाने अप्रतिम गोल केला. शेवटच्या क्षणी बोकाचा गोलरक्षकही गोल करण्यासाठी पुढे धावला आणि मोकळ्या गोलजाळ्यात चेंडू ढकलून पिटी मार्टिनेझने ३-१ असा शेवट केला. एकूण ५-३ अशा फरकाने रिव्हर विजेता ठरला.

महत्त्वाचे दृश्य प्रेक्षकांमध्ये होते. एका समर्थकाच्या मृत्यूनंतर २०१३ पासून अर्जेंटिनात पाहुण्या संघाच्या समर्थकांना मैदानात येण्यास बंदी होती. या अंतिम फेरीच्या दोन्ही सामन्यांनाही ती लागू होती. बर्नाबेउमध्ये मात्र दोन्ही क्लबचे समर्थक एकाच स्टेडियममध्ये, समोरासमोरच्या बाजूंना बसले आणि सामना सुरळीत पार पडला. हजारो पोलीस तैनात होते, प्रवेशाचे मार्ग वेगळे होते, नियोजन काटेकोर होते. दोन्ही बाजूंचे लोक एकत्र येऊ शकतात, हे त्या रात्री सिद्ध झाले. फक्त ज्यांच्या शहरात हे व्हायला हवे होते, त्यांतील बहुतेकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले.

एकच अंतिम सामना ही युरोपची नक्कल?

एकाच सामन्याचा निर्णय माद्रिदमुळे झाला नाही. कॉन्मेबॉलने तो फेब्रुवारी २०१८ मध्येच जाहीर केला होता आणि त्याचा नमुना युरोपातील चॅम्पियन्स लीगचा होता. या पद्धतीचे फायदे नाकारता येणार नाहीत. यजमान शहराला तयारीसाठी अनेक महिने मिळतात, प्रायोजक आणि प्रक्षेपक यांना निश्चित तारीख मिळते आणि घरच्या मैदानाचा लाभ कोणालाच मिळत नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या समर्थकांना तिकिटे मिळतात.

पण युरोपातील रेल्वे, स्वस्त विमानसेवा आणि कमी अंतरे दक्षिण अमेरिकेत नाहीत. २०१९ चा पहिलाच असा सामना चिलीतील सांतियागो येथे ठरला होता. तिथल्या जनआंदोलनामुळे तीन आठवडेही उरले नसताना तो पेरूतील लिमा येथे हलवला गेला. फ्लामेंगो आणि रिव्हरच्या समर्थकांना आधी केलेली प्रवासाची तयारी ऐनवेळी बदलावी लागली. २०२२ मध्ये इक्वाडोरमधील ग्वायाकिल येथे फ्लामेंगो आणि अथलेटिको पारानाएन्से हे दोन ब्राझिली क्लब भिडले, तेव्हा स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या ठळकपणे दिसत होत्या. २०२४ मध्ये बोटाफोगो आणि अॅटलेटिको मिनेरो यांनी तर ब्राझील सोडून ब्युनोस आयर्समध्ये अंतिम सामना खेळला. मैदान होते तेच, रिव्हरचे मोन्युमेंटल!

‘तटस्थ’ मैदान सुरक्षित असते का?

२०२३ चे उदाहरण बोलके आहे. रिओच्या माराकाना स्टेडियमची निवड आधीच झाली होती आणि अंतिम फेरीत पोहोचला तो माराकानावरच घरचे सामने खेळणारा फ्लुमिनेन्से. प्रतिस्पर्धी बोका. नावापुरतेच तटस्थ असलेल्या या शहरात बोकाचे हजारो समर्थक आले, अनेकांकडे तिकीटही नव्हते. सामन्याच्या दोन दिवस आधी कोपाकबाना किनाऱ्यावर त्यांच्यावर हल्ले झाले.

युरोपही अपवाद नाही. मे २०२२ मध्ये पॅरिसलगतच्या स्टाद द फ्रान्स येथे लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांच्यातील चॅम्पियन्स लीग अंतिम सामना ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला. प्रवेशद्वारांवर चेंगराचेंगरीची स्थिती होती, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. सुरुवातीला दोष उशिरा आलेल्या समर्थकांवर ढकलला गेला. स्वतंत्र चौकशी अहवालाने मात्र २०२३ मध्ये प्राथमिक जबाबदारी संयोजक ‘युएफा’ची असल्याचे स्पष्ट केले. मैदान बदलल्याने सुरक्षा आपोआप येत नाही, ती नियोजनाने येते.

मग उपाय काय?

दोन सामन्यांच्या पद्धतीकडे परतणे हा एक मार्ग आहे. ते अवघड वाटत असेल, तर किमान दोन गोष्टी शक्य आहेत. अंतिम सामन्याचे शहर उपान्त्य फेरीनंतर, दोन-तीन सज्ज पर्यायांमधून आणि अंतिम फेरीतील क्लबचे अंतर पाहून ठरवता येईल. तिकिटांचा मोठा वाटा स्थानिक उत्पन्नाला झेपेल अशा ठरावीक दरात थेट समर्थकांना देता येईल, म्हणजे तो टोळ्या आणि दलालांच्या हाती जाणार नाही. यात संयोजकांची गैरसोय होईल आणि थोडे उत्पन्नही कमी होईल. पण आजवर गैरसोय आणि खर्च एकट्या प्रेक्षकाच्याच माथी आहे.

२४ नोव्हेंबरला बसवर दगड मारणारे शेकडोंच्या संख्येने असतील. स्टेडियममध्ये शांतपणे वाट पाहत बसलेले हजारो होते. कॉन्मेबॉलने मूठभरांना आवर घालण्याऐवजी हजारोंकडून सामना काढून घेतला. सुरक्षित करायला हवा होता तो स्टेडियमकडे जाणारा रस्ता. हलवला गेला तो सामना.