तारपा पाठवायचाच असेल तर

पालघर किंवा बोईसर स्थानकाबाहेर पडून थोडे फिरले की वारली चित्रातला तारपा कुठे ना कुठे भेटतोच. कार्यालयांच्या भिंतींवर, शाळांच्या कुंपणांवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि आता चहाच्या पेल्यांवरही. मध्ये लांबट वाद्य फुंकणारी एक पांढरी आकृती आणि तिच्याभोवती शंखाच्या वळणासारखी गुंडाळत गेलेली माणसांची साखळी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्रविश्व भिंतीवरून कागदावर आणले, ते देशोदेशी पोहोचले, २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. मात्र चित्रातला तो माणूस वाजवतो काय, हे त्या पेल्यातून चहा पिणाऱ्यांपैकी किती जणांनी ऐकले असेल? चित्र परदेशी गेले, सूर मागे राहिला. म्हणूनच आपल्या आदिवासींचे गाणे एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशाच्या नावाने उतरले पाहिजे, असे कोणी म्हणतो तेव्हा ती इच्छा आम्हाला हसण्यावारी नेता येत नाही. फक्त असे 'देशाचे गाणे' होणे म्हणजे नेमके काय होणे, हे आधी पाहून घ्यावे असे वाटते.

या बाबतीत युरोपचा अनुभव सर्वांत जुना. युरोव्हिजन ही गीतस्पर्धा १९५६ पासून चालू आहे. प्रत्येक देशाने एक गाणे पाठवायचे, ते तीन मिनिटांच्या आत संपवायचे, रंगमंचावर सहापेक्षा अधिक माणसे आणायची नाहीत. आपल्या देशाच्या भाषेतच गायचे हा दंडक मध्यंतरी काही वर्षे सैल होता. १९९९ मध्ये तो कायमचा सुटला आणि इंग्रजीचा पूर आला. त्याच वर्षापासून वाद्यवृंदही गेला. मुख्य गायन प्रत्यक्ष होते, वाद्ये मात्र आधीच मुद्रित केलेली वाजतात.

या स्पर्धेतले एक गाणे आम्हाला पालघरच्या संदर्भात वारंवार आठवते. १९८० साली हेग येथे नॉर्वेच्या वतीने स्वेरे शेल्सबर्ग आणि मात्तिस हेत्ता हे दोघे गायले. हेत्ता सामी, म्हणजे उत्तरेकडच्या रेनडियर पाळणाऱ्या आदिम समाजातला. गाण्याचे बहुतेक शब्द नॉर्वेजियन. शीर्षक मात्र सामी भाषेतले, 'सामींची भूमी' अशा अर्थाचे, आणि त्यात योइक हा सामींचा पारंपरिक गानप्रकार. हे गाणे आकाशातून पडलेले नव्हते. आल्टा नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सामी आंदोलकांनी १९७९ च्या ऑक्टोबरात ओस्लोमध्ये संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले होते. गाण्याला ती पार्श्वभूमी होती. ज्या शासनाशी भांडण चालू होते त्याच देशाच्या नावाने ते भांडण गायले गेले. एकोणीस देशांत गाणे सोळावे आले. धरणही थांबले नाही. १९८७ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले. सामींची स्वतंत्र संसद १९८९ मध्ये उघडली, त्याचे श्रेय गाण्याला देणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही नॉर्वेने त्या वर्षी जे पाठवले ते शोभेचे नव्हते, हे मान्य करावे लागते.

आता तारापूरकडे वळू. देशातले पहिले अणुवीजकेंद्र येथे १९६९ पासून चालू आहे. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आसपासच्या पाड्यांवरची मुले पाळीवर जातात. आल्टा आणि तारापूर एक नव्हेत, तुलना ताणू नये. पण येथे पाहुण्यांच्या स्वागताला तारपा नाचवला जातो तेव्हा त्या नाचाला जमिनीविषयी काही म्हणायचे आहे का, असे विचारण्याची रीत नाही. नाच झाला की पुष्पगुच्छ. आपल्याकडून असे काही पाठवता येणारच नाही असे नाही. २०१५ साली भारताने ऑस्करसाठी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाठवला, आणि त्यात तर एका लोकशाहिराच्या गाण्यावरच खटला चालतो.

तारप्यापुढे आणखी एक अडचण आहे, ती वाद्याच्याच घडणीत आहे. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा, सांध्यांना मेण. तारपकरी श्वास तुटू न देता वाजवत राहतो आणि त्याने चाल बदलली की फेरातल्यांची पावले बदलतात. तो नाचणाऱ्यांकडे पाहून वाजवतो, ते त्याला ऐकून वळतात. नव्या भाताच्या दिवसांत हे रात्र रात्र चालते. मुद्रित ध्वनीवर हा व्यवहार होऊच शकत नाही. युरोव्हिजनच्या धर्तीवरच्या मंचावर तारपकऱ्याला मुके वाद्य ओठांशी धरून उभे राहावे लागेल, म्हणजे पुन्हा पेल्यावरचे चित्रच. त्यापेक्षा लग्नात चौक लिहिताना धवलेरी गाते ती गाणी पाठवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्यांना शब्द आहेत, ते वारलीत आहेत, आणि कोणते शब्द बाहेर न्यायचे व कोणते मांडवातच ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार गाणाऱ्या बायांचा आहे.

आणि तरीही तारपाच पाठवायचा आग्रह असेल तर निवड समितीची बैठक पालघरच्या सभागृहात घेऊ नये. भात कापून झाल्यावर एखाद्या पाड्यावर घ्यावी, आणि सदस्यांनी खुर्च्या न मागता फेरात हात गुंफून उभे राहावे. तीन मिनिटांनी उठायची सोय तिथे नसते.