इंदूरचा मराठी नाटककार कोणाच्या खात्यावर?

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांपुढे इंदूरची कैफियत मांडायची म्हणजे जरा संकोचच वाटतो. आपण 1956 पासून लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, आणि महाराष्ट्राने 2004 साली घातलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. आमच्यावर असे काही गुदरले नाही. दुकानावर मराठी पाटी लावली म्हणून इंदुरात कोणी काळे फासत नाही. होळकरांच्या या शहरात 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली आणि शहराने ती आपलीच मानली. मग तक्रार कसली?

तक्रार आहे, पण ती आरडाओरडा करण्याजोगी नाही. म्हणूनच ती कोणी ऐकत नाही.

कलावंतांचा मान राखण्यात मध्य प्रदेश सरकार कंजूष आहे, असे कोणी म्हणू नये. कालिदास सन्मान 1980 साली सुरू झाला. 1982 साली भोपाळला भारत भवन उभे राहिले. लताबाई 1929 साली इंदुरात जन्मल्या, म्हणून 1984 पासून त्यांच्या नावाचा सन्मान दिला जातो. आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला, घरात कानडी बोलणारा शिवपुत्र कोमकळीमठ क्षयाने जर्जर होऊन 1948 साली देवासला आला, तेव्हा माळव्याने त्याला ‘तू कोण, कुठल्या भाषेचा’ असे विचारले नाही. कुमार गंधर्वांना या राज्याने कालिदास सन्मान दिला आणि त्यांच्या मागे तरुण गायक-वादकांसाठी त्यांच्याच नावाचा सन्मान काढला. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी ही गोष्ट एकदा शांतपणे आठवून पाहावी. असो.

चित्रकलेचेही तेच. देवळालीकर मास्तरांच्या इंदूरच्या चित्रशाळेतून बेंद्रे निघाले, हुसेन निघाले. रंगाला व्याकरण लागत नाही, सुराला लिपी लागत नाही. तिथे कलावंताची जात, भाषा, गाव काही आड येत नाही आणि सरकारच्या कोणत्याही खात्याला अडचण पडत नाही.

अडचण पडते ती शब्दाशी. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण घ्या. घर एक, आई एक, मायबोली मराठी. थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि हिंदी कवितेचे एक शिखर झाले; इकडच्या साहित्य अकादमीच्या पुरस्काराला त्यांचे नाव आहे. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले. ते नागपूरला होते, नागपूर महाराष्ट्रात गेले, म्हणून त्यांची सोय झाली. 1979 साली त्यांना दिल्लीच्या साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण समजा, शरच्चंद्र इंदुरातच राहिले असते तर? कोणत्या खात्याने त्यांची दखल घेतली असती?

हा प्रश्न हवेतला नाही. राज्याच्या शिखर सन्मानात साहित्यासाठी हिंदी, उर्दू आणि संस्कृत अशी दालने आहेत. मराठीचे नाही. 2011 च्या जनगणनेत या राज्यात मराठी मायबोली सांगणारे सुमारे 12 लाख निघाले. संस्कृत मायबोली सांगणारे किती असतील ते वाचकांनीच ताडावे. संस्कृतला मान मिळतो याचे दुःख नाही. पण आता 2024 च्या ऑक्टोबरात मराठीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा प्राचीनतेची सबबही उरली नाही.

कोणी म्हणेल, भोपाळला सरकारची मराठी साहित्य अकादमी आहे ना! आहे, आणि ती आहे याचे समाधानच आहे. मात्र तिच्या असण्याचा एक विचित्र परिणाम होतो. मराठी म्हटले की इतर सगळी खाती त्या एका दाराकडे बोट दाखवतात. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एका नव्या नाटकासाठी एका सरकारी कचेरीत अर्ज केला होता. संहिता मराठी आहे हे पाहून तिथल्या बाबूंनी तो तसाच परत केला, अगदी सौजन्याने. “ये तो भाषा का मामला है, नाटक का नहीं.” म्हणजे आम्ही रंगमंचावर जे करतो ते नाटक नव्हे, भाषा! नेपथ्यवाल्याला, दिवे लावणाऱ्याला, सभागृहाच्या भाड्याला भाषा कळत नाही हो, त्यांना रोख पैसे लागतात.

इंदुरात प्रेक्षक नाही असेही नाही. सानंदसारखी संस्था सभासदांच्या वर्गणीवर मुंबई-पुण्याची नाटके आणते आणि सभागृह भरते. आम्हीही वर्गणी भरतो, आनंदाने बघतो. पण आणलेले नाटक आणि इथे लिहिलेले नाटक यांत फरक आहे. बाबा डिके यांच्या नाट्यभारतीने इंदुरात नाटक उभे केले ते पदराला खार लावून. पुढे इथल्या हौशी मंडळींना स्पर्धेचे व्यासपीठ मिळाले ते महाराष्ट्र सरकारच्या राज्य नाट्य स्पर्धेचे. म्हणजे कर भरायचा भोपाळला आणि पाठीवर थाप घ्यायची मुंबईची. त्या थापेबद्दल कृतज्ञता आहे, पण स्पर्धेचे बक्षीस नाटक झाल्यावर मिळते. नाटक बसवताना, संहिता लिहिताना वर्षभर जो खर्च आणि वेळ जातो, त्याला हातभार लावणे हे ज्या राज्यात कलावंत राहतो त्या राज्याच्या कला परिषदेचे काम आहे.

वेल्ससारख्या चिमुकल्या प्रदेशात इंग्रजीच्या शेजारी वेल्श भाषेची स्वतंत्र राष्ट्रीय नाट्यसंस्था 2003 पासून आहे, आणि तिला तिथलीच कला परिषद पैसा देते. आम्ही एवढेही मागत नाही. आमचे मागणे दोनच गोष्टींचे. शिखर सन्मानात मराठी साहित्याचे दालन उघडा. आणि नाटकाच्या अनुदानाचा अर्ज नाटक म्हणून तपासा, संहिता कोणत्याही भाषेत असो. मराठी वाचू शकणारे दोन परीक्षक भोपाळात सापडत नसतील तर इंदूरहून आम्ही पाठवू, येण्याजाण्याचे भाडेसुद्धा मागणार नाही.

कर्नाटकात तुळू, कोंकणी आणि कोडव भाषांच्या सरकारी अकादम्या आहेत, मराठीची नाही. उद्या ती मिळाली तर आनंदच आहे. तेव्हा बेळगावकरांनी तिच्या घटनेत पहिल्याच दिवशी एक कलम घालून घ्यावे : ही अकादमी आहे म्हणून इतर कोणत्याही खात्याने मराठी कलावंताचा अर्ज परत पाठवू नये.