नाट्यगृह म्हणजे निव्वळ भूखंड नव्हे!

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने रसिकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूचा रंगमंच आणि प्रेक्षागृह यांची राख झाली. उरल्या त्या काळवंडलेल्या दगडी भिंती. त्या भिंतींसमोर कलावंतांना अश्रू आवरले नाहीत. या कोल्हापूरकरांनी त्या वेळी नव्या, वातानुकूलित संकुलाची मागणी केली नाही. ‘आमचे नाट्यगृह जसे होते तसे उभे करा,’ एवढेच त्यांचे मागणे होते.

कोल्हापुरात जे आगीने केले, तेच पुण्यात विकासाच्या नावाने, ठराव करून आणि निविदा काढून करण्याचा विचार वर्षानुवर्षे डोके वर काढत आला आहे. बालगंधर्व रंगमंदिराच्या भूमिपूजनासाठी १९६२ साली साक्षात नारायणराव राजहंस उपस्थित होते. २६ जून १९६८ रोजी रंगमंदिराचे उद्घाटन झाले, तेव्हा मात्र ते हयात नव्हते. ज्या वास्तूच्या पायाला खुद्द बालगंधर्वांचा हात लागला, ती पाडून तेथे बहुमजली संकुल उभारावे, असा विषय २०१८ साली महापालिकेत पुढे आला. कलावंतांनी आणि रसिकांनी त्याला विरोध केला. तरीही तो पुढे पुन्हा पुन्हा चर्चेत येत राहिला.

पाडणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. इमारत जुनी झाली, ध्वनिव्यवस्था बिघडली, स्वच्छतागृहे अस्वच्छ आहेत! हे दोष कोणीही नाकारत नाही. परंतु ते निर्माण कोणी केले? ज्यांनी देखभालीकडे पाठ फिरवली, त्यांनीच दुरवस्थेचा दाखला देऊन पाडकामाची परवानगी मागावी, हा कुठला न्याय? घरातील वृद्धाच्या औषधपाण्याची हेळसांड करायची आणि मग त्याच्या आजारपणाकडे बोट दाखवून वाटणीची घाई करायची, त्यातलाच हा प्रकार!

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित वाटतो. जेमतेम पन्नास-साठ वर्षांची इमारत, जेथे लावणी होते, ऑर्केस्ट्रा होतो, विनोदी नाटके होतात, तिला ‘वारसा’ कसे म्हणावे? जणू वारसा फक्त किल्ल्यांचा आणि लेण्यांचाच असतो! ज्या व्यासपीठावर सकाळी नाट्यसंगीताची मैफल आणि रात्री ढोलकीची थाप घुमते, ते व्यासपीठ साऱ्या शहराचे असते. संगीत रंगभूमी तरी मूळची कोणाची? तिकीट काढून येणाऱ्या सामान्य रसिकाचीच. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’साठी एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. लोकप्रिय गाणे राष्ट्रकार्याला कसे हातभार लावते, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

ऊठसूट विलायतेचे दाखले देणाऱ्यांनी लिव्हरपूलचा दाखलाही वाचावा. तेथील एका गोदामाच्या तळघरात १९५७ साली ‘कॅव्हर्न क्लब’ सुरू झाला. पुढे जगभर गाजलेले ‘बीटल्स’ हे पथक १९६१ ते १९६३ या काळात तेथे शेकडो वेळा गायले. १९७३ साली भुयारी रेल्वेच्या वायुवीजनासाठी जागा हवी म्हणून ती इमारत पाडण्यात आली. ज्यासाठी पाडली, ते वायुवीजनाचे काम तेथे झालेच नाही! शेवटी १९८४ साली त्याच जागेच्या काही भागावर जुन्या विटा वापरून प्रतिकृती उभारावी लागली. आज पर्यटक तेथे येतात, परंतु पाहतात ती प्रतिकृतीच. ते शहाणपण पाडकामाच्या आधी सुचले असते तर?

हा विरोध सुधारणेला नाही. आसने बदलावीत, ध्वनियंत्रणा अद्ययावत करावी, कलावंतांच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे स्वच्छ ठेवावीत, अग्निसुरक्षेची काटेकोर तपासणी व्हावी. कोल्हापूरने ही शेवटची गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकवली आहे. मात्र दुरुस्तीसाठी रंगमंदिर किती काळ बंद राहणार, हे आधी जाहीर झाले पाहिजे. नाट्यगृह बंद राहिले की नामवंत नट अन्यत्र काम शोधू शकतो. पडदा ओढणाऱ्या, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या, वेशभूषेच्या पेट्या वाहणाऱ्या माणसाची चूल मात्र विझते.

सत्ता कोणत्याही पक्षाची असो, अगदी आपल्या विचारांची असली तरीही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शाहू महाराजांनी नाट्यगृह बांधताना भाड्याच्या गाळ्यांचा हिशेब मांडला नव्हता. कलेला राजाश्रय देणारे संस्थानिक गेले. त्यांची जागा आता करदात्या नागरिकाने घेतली आहे. तो गप्प बसला, तर उद्या रंगमंदिराच्या जागी संकुल उभे राहील, त्यावर बालगंधर्वांचे नावही झळकेल. परंतु त्या नावाला घर उरलेले नसेल.