कच्ची आवृत्ति आणि घरचें दप्तर

पूर्वीं घराचें दप्तर म्हणजे माजघरांतील एक शिसवी पेटी असे. जन्मपत्रिका, जमिनीचे कागद, पावत्या, जुनीं पत्रें असें सारें तींत असे आणि तिची किल्ली घरांतील कर्त्या पुरुषाच्या जानव्यास बांधलेली असे. आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत त्या पेटीचें काम एक लहानसें यंत्र करूं लागलें आहे. पुस्तकांच्या कपाटावर किंवा जिन्याखालीं तें अहोरात्र चालू असतें. मुंजींचीं व लग्नांचीं छायाचित्रें, आजोबांच्या आवाजाचें मुद्रण, घरपट्टीच्या पावत्या, मुलांच्या अभ्यासाचे कागद हें सर्व त्याच्या पोटांत राहतें, आणि पुण्याच्या घरांतील मंडळींप्रमाणेंच परदेशीं असलेल्या धाकट्या भावजींनाही तें तेथें बसल्या पाहतां येतें. यासच घरचा सर्व्हर म्हणतात.

अशा घरांत बहुधा एखादा उत्साही मुलगा किंवा मुलगी असते, आणि त्यांचें लक्ष सर्व्हरवरील प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीकडे लागलेलें असतें. ती रीतसर प्रकाशित होण्यापूर्वींच उतरवून घ्यावी व घरच्या यंत्रावर चढवून पाहावी ही हौस मोठी विलक्षण आहे. या हौसेला आवर घालावा कीं उत्तेजन द्यावें, असा प्रश्न वडील मंडळींस पडतो. आमचें मत असें कीं उत्तेजन अवश्य द्यावें. मात्र दप्तराच्या एकुलत्या एका प्रतीस हात लावूं देऊं नये. या मतामागील कारणें आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कच्ची आवृत्ति म्हणजे काय तें पाहूं. छापखान्याशीं ज्यांचा थोडासाही संबंध आला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, ग्रंथ एकदम छापून निघत नाही. आधीं गॅली प्रूफ निघतें, त्यांत चुकांचा सुळसुळाट असतो. मग पानांचीं प्रुफें येतात. आणि शेवटीं यंत्रावर चढण्यापूर्वींचें प्रूफ, ज्यांत चूक उरली नसावी अशी सर्वांची आशा असते. प्रणालींचेंही तसेंच आहे. अगदीं पहिल्या कच्च्या रूपास अल्फा, लोकांस तपासण्यासाठीं दिलेल्या रूपास बीटा, आणि आणखी दोष न निघाल्यास हीच पक्की ठरेल अशा रूपास रिलीज कँडिडेट म्हणतात. डेबियन नांवाच्या प्रसिद्ध मुक्त प्रणालीनें तर यासाठीं कायमचीं तीन दालनें केलीं आहेत: अस्थिर, चांचणीचें व स्थिर. अस्थिर दालनास ‘सिड’ असें नांव आहे. तें ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांतील, खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें आहे. नांव ठेवणाऱ्यानें वापरणाऱ्यास याहून स्पष्ट इशारा काय द्यावा?

परंतु कर्त्यांनीं हीं प्रुफें परक्या घरीं पाठवावींच कशाला? आपल्या कार्यालयांत बसून तपासून कां पाहूं नयेत? शितावरून भाताची परीक्षा होते अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि भाताच्या बाबतींत ती खरीही आहे; कारण एका पातेल्यांतील सारे तांदूळ एकाच आधणांत शिजतात. प्रणालीचें तसें नाही. प्रत्येक घरचें पातेलें निराळें, चूल निराळी आणि पाणीही निराळें. कोणाकडे एक डिस्क, कोणाकडे चार. कोणी दहा वर्षांपूर्वींचा संगणक वापरतो, कोणी कालचा. दहा हजार घरीं उत्तम शिजलेलें शीत अकराव्या हजारांतल्या एका घरीं कच्चें निघूं शकतें. याचें एक ठळक उदाहरण येथें सविस्तर देतों.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००७ च्या जानेवारींत ‘विंडोज होम सर्व्हर’ या नांवाची प्रणाली जाहीर केली व त्याच वर्षीं ती बाजारांत आणली. ती खास कुटुंबांसाठींच रचलेली होती. घरांतील सर्व संगणकांच्या प्रती ती रोज आपोआप घेई, आणि लहानमोठ्या अनेक डिस्का एकत्र जोडून त्यांची एकच प्रशस्त कोठी असल्याचें भासवी. या दुसऱ्या योजनेस ‘ड्राइव्ह एक्स्टेंडर’ असें नांव होतें, आणि प्रणालीची कीर्ति मुख्यतः तिच्यामुळेंच झाली. प्रकाशनापूर्वीं बीटा आणि कँडिडेट अशा दोन्ही आवृत्त्या बाहेरच्या हौशी लोकांकडून तपासून घेतल्या होत्या. इतकें होऊनही डिसेंबर २००७ मध्यें कंपनीस जाहीर करावें लागलें कीं, सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली कांहीं विशिष्ट प्रोग्रॅमांनीं तेथल्या तेथें उघडून, बदलून ठेवल्या असतां त्या बिघडण्याचा संभव आहे. त्या प्रोग्रॅमांत व्हिस्टा फोटो गॅलरी, वननोट, आउटलुक २००७ आणि मनी २००७ हे होते. छायाचित्रें, टिपणें, पत्रव्यवहार आणि हिशेब! घरच्या दप्तराचे नेमके हेच चार कप्पे नव्हेत काय?

दोषाचें मूळ २००८ च्या मार्चमध्यें कंपनीनें सांगितलें तें समजून घेण्यासारखें आहे. एकाहून अधिक डिस्का असलेल्या यंत्रांतच हा दोष उद्भवे. मागितलेली फाइल कोणत्या डिस्कवर आहे हें पाहून तिकडे वाट वळविणारा जो भाग होता, त्याच्यामुळें डिस्कवरील मजकूर आणि यंत्राच्या स्मृतींत तात्पुरता धरून ठेवलेला मजकूर यांचा मेळ कांहीं प्रसंगीं चुके, आणि भलताच मजकूर फाइलींत लिहिला जाई. लग्नघरांत दोन कोठ्या असाव्या आणि कोठीवर बसलेल्या गृहस्थानें कोणता जिन्नस कोठें आहे हें तोंडपाठ ठेवावें, तसें हें होतें. गर्दी नसतां सर्व सुरळीत चालतें. पण पंगत बसल्यावर चोहों बाजूंनीं एकदम मागणी आली कीं साखर मागणाऱ्याच्या हातीं मीठ पडतें. म्हणूनच हा दोष सदासर्वदा दिसत नसे. प्रोग्रॅम कोणता, कामाचा ताण किती आणि वेळ कशी जुळून आली, यांवर तो अवलंबून होता.

यांत खरी भीति कोणती? यंत्र बंद पडलें तर सारें घर आरडाओरडा करतें आणि उपाय होतो. येथें यंत्र शांतपणें चालत असे. फाइलीचें नांवही यादींत दिसे. मुंजीचें छायाचित्र उघडण्याचा प्रसंग सहा महिन्यांनीं आला म्हणजे तें नासल्याचें कळावें! त्या प्रणालींत निवडक मजकूर दोन डिस्कांवर ठेवण्याची सोय होती हें खरें; परंतु त्या सोयीचा उपयोग एखादी डिस्क मेली असतां होतो. चूक लिहिलेला मजकूर दोन ठिकाणीं ठेवल्यानें बरोबर होत नाही. एकाच यंत्राच्या पोटांतील दोन प्रतींस बॅकअप म्हणूं नये, हा पहिला धडा.

दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनें उपाय सांगितला तो साधा होता: फाइल आधीं आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, तेथें बदलावी आणि मग सर्व्हरवर परत ठेवावी. दुरुस्ती ‘पॉवर पॅक १’ या नांवानें २००८ च्या जूनमध्यें प्रथम बीटा रूपांत लोकांहातीं दिली गेली, आणि पक्की आवृत्ति जुलैंत निघाली. म्हणजे दोष कबूल केल्यापासून सात महिने गेले. हा विलंब पुष्कळांस जाचला असेल. तथापि दप्तर नासविणाऱ्या दोषावर अर्धवट औषध देण्यापेक्षां तें पुन्हां पुन्हां तपासणें आम्हांस अधिक प्रामाणिकपणाचें वाटतें. याच पॉवर पॅकबरोबर सर्व्हरवरील सामायिक मजकुराची प्रत बाहेरच्या स्वतंत्र डिस्कवर घेण्याची सोयही आली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या कथेचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. त्या प्रणालीची पुढची पिढी ‘व्हेल’ या सांकेतिक नांवानें २०१० च्या एप्रिलांत चांचणीसाठीं खुली झाली. तींत ड्राइव्ह एक्स्टेंडर होता. परंतु त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत तो काढून टाकीत असल्याचें कंपनीनें जाहीर केलें, आणि २०११ ची आवृत्ति त्याच्यावांचूनच निघाली. वापरणाऱ्यांनीं पुष्कळ विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. २०१६ सालीं त्या आवृत्तीस मिळणारें साहाय्यही संपलें. कच्च्या आवृत्तींतील सोय ही अजून दिलेलें वचन नव्हे. तिच्या भरंवशावर घराची घडी बसवूं नये, हा दुसरा धडा.

आतां कोणी म्हणेल, मग या कच्च्या आवृत्त्यांच्या वाटेस जावेंच कशाला? आमचें उत्तर असें कीं, कोणीच प्रूफ तपासलें नाही तर चुका नाहींशा होत नाहींत. त्या सर्वांच्या घरीं एकदमच छापून जातात. शिवाय घरगुती सर्व्हरच्या पुष्कळशा प्रणाली आज स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात आणि फुकट मिळतात. घरांतील दिवे, पंखे इत्यादिकांचें नियमन करणारी ‘होम असिस्टंट’ ही त्यांपैकींच एक. तिची नवी आवृत्ति दर महिन्याच्या पहिल्या बुधवारीं निघते आणि बीटा तिच्या आधींच्या बुधवारीं. ज्या गोष्टीचा आपण फुकट लाभ घेतों तिच्यासाठीं महिन्यांतून एखादी संध्याकाळ देणें हें ऋण फेडण्यासारखेंच आहे. तें कसें फेडावें एवढाच प्रश्न.

चांचणी वेगळ्या यंत्रावर करावी. अडगळींत पडलेला जुना संगणक यास पुरतो; किंवा एकाच यंत्रांत आभासी यंत्र उभें करतां येतें. त्यावर दप्तराची प्रत ठेवावी, दप्तर नव्हे. मूळ मजकुराचा बॅकअप निराळ्या डिस्कवर, आणि शक्य तर निराळ्या घरीं असावा. नुसता बॅकअप घेऊन थांबूं नये. त्यांतून पांचदहा फाइली परत उतरवून, उघडून पाहाव्या. परत न उतरविलेला बॅकअप हा न वाचलेल्या मृत्युपत्रासारखा आहे. प्रसंग आल्यावरच त्यांत काय आहे तें कळतें.

परतीची वाट आधीं पाहून ठेवावी. नवी आवृत्ति चढली कीं ती पुष्कळदां आपल्या कोठाराची मांडणीच बदलते, आणि मग जुन्या आवृत्तीस ती मांडणी वाचतां येत नाही. ‘नेक्स्टक्लाउड’ या लोकप्रिय प्रणालींत मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय नाही, आणि पुढें जातांनाही मुख्य आवृत्त्यांची एकेक पायरी चढावी लागते. दोन पायऱ्या एकदम गाळतां येत नाहींत. अशा ठिकाणीं परतीची वाट एकच: आधीं घेतलेला संपूर्ण बॅकअप.

मूक नासाडी ओळखण्यासही उपाय आहे. प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून गणितानें एक लांब अंक काढतां येतो. त्यास चेकसम म्हणतात. मजकुरांत एका अक्षराचा फरक पडला तरी तो अंक बदलतो. चांचणीपूर्वीं सर्व फाइलींचे चेकसम लिहून ठेवावे, आठवडाभर प्रणाली नेहमींप्रमाणें वापरावी, आणि ज्या फाइलींस आपण हात लावला नाही त्यांचे अंक पुन्हां काढून ताडून पाहावे. अंक जुळला तर फाइल शाबूत आहे, न जुळला तर ती कोणीतरी बदलली आहे. ज्या फाइली आपण मुद्दाम बदलल्या त्या मात्र उघडूनच पाहाव्या लागतात.

दोष आढळला तर घाबरून दहा गोष्टी एकदम बदलूं नयेत. वैद्य जसा एका वेळीं एकच मात्रा देऊन गुण पाहतो, तसा एकच बदल करावा व परिणाम नोंदवावा. यंत्र आपली रोजनिशी लिहीत असतें. तिला लॉग म्हणतात. दोष घडला त्या मिनिटाची नोंद तींत पाहावी. मग तोच दोष पुन्हां घडवून आणतां येतो कां तें पाहावें. कर्त्यांस कळवितांना आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, यंत्राचें वर्णन, आपण क्रमानें काय केलें, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें, एवढें लिहावें. ‘चालत नाही’ एवढेंच लिहिणें म्हणजे वैद्यास ‘बरें वाटत नाही’ असें पत्र धाडण्यासारखें आहे. लॉग पाठविण्यापूर्वीं त्यांतील घरच्या माणसांचीं नांवें, पत्ते आणि परवलीचे शब्द काढून टाकण्यास विसरूं नये.

शेवटची गोष्ट यंत्राची नसून घराची आहे. सर्व्हर एकाच्या हौसेनें आला असला तरी दप्तर साऱ्या कुटुंबाचें आहे. सासूबाईंच्या जपून ठेवलेल्या पाककृति आणि भाचीचा प्रबंध यांवर कोणाच्या प्रयोगाचा हक्क पोंचत नाही. म्हणून तरुणांनीं प्रयोग करण्यापूर्वीं घरांत सांगावें, आणि परीक्षेचे, लग्नकार्याचे वा कर भरण्याचे दिवस वगळावे. उलट, वडिलांनीं एक जुना संगणक आणि एक स्वतंत्र डिस्क यांचा खर्च मोकळ्या मनानें मान्य करावा. तेवढ्या खर्चांत दप्तर सुरक्षित राहतें, मुलांस निरीक्षणाची व शिस्तीची संवय लागते, आणि कोठल्यातरी अनोळखी घरच्या मुंजीचीं छायाचित्रें नासण्यापासून वांचतात. याहून अधिक किफायतशीर असें लोककार्य आमच्या तरी पाहण्यांत नाही.